गिरकी, फेर आणि तोल

बॅलेचे चाहते नर्तकीच्या गिरक्यांवरून तिची पारख करतात. चक्कर टाळण्यासाठी ती नजर एका ठिकाणी रोखते; धड फिरत राहते, डोके शेवटी झटक्यात वळते. ही कसरत वर्षानुवर्षांच्या सरावाची.

आरे कॉलनीतल्या वारली पाड्यांवरचा तारपा नाच अशा नजरेला साधा वाटेल. हात गुंफून वादकाभोवती फेर धरायचा, एवढेच. पण गालातली हवा फुंकत असतानाच वादक नाकाने श्वास घेतो. म्हणून सूर तुटत नाही.

फेरात मात्र कुणीही उतरू शकते. उतारवयात पडून खुब्याचे हाड मोडले तर ते जिवावर बेतू शकते. म्हणूनच ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान ३ दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. झेपेल तसा धरलेला फेरही तोलाचा सरावच आहे.