ताग्याचा काठ पाहता, तसे रॅमचे लेबल वाचा

तागा हाती आला की आम्ही आधी काठ पाहतो, मग सूत मोजतो आणि मगच भाव बोलतो. तीस वर्षांच्या धंद्यात ही सवय सोडली नाही. दुकानाच्या संगणकासाठी जुनी रॅम घेताना मात्र सोडली, आणि दोन हजार रुपये पाण्यात गेले.

हिशेबाचा संगणक संथ झाला होता आणि जीएसटीची मुदत तोंडावर आली होती. जुन्या मालाच्या एका विक्रेत्याने ‘डीडीआर ३, चार जीबी’ म्हणून दोन पट्ट्या स्वस्तात दिल्या. त्या खाचेत नीट बसल्या, पण संगणक सुरूच होईना. दुरुस्ती करणाऱ्या मुलाने लेबलावरचे एक अक्षर दाखवले. तिथे लिहिले होते : ४ जीबी २आरएक्स८ पीसी३-१०६००आर.

वाचकहो, ही भाषा अवघड नाही. ‘पीसी३’ म्हणजे डीडीआर ३, ‘पीसी४’ म्हणजे डीडीआर ४. पुढचा आकडा वेगाचा. १०६०० ला ८ ने भागले की सुमारे १३३३ येतात. म्हणून हीच पट्टी ‘१३३३’ नावानेही विकतात. ‘२आर’ म्हणजे चिपांचे दोन गट, ‘एक्स८’ म्हणजे प्रत्येक चिप आठ बिटांची. ‘पीसी३एल’ असेल तर पट्टी १.५ ऐवजी १.३५ व्होल्टवरही चालते.

खरी मेख शेवटच्या अक्षरात आहे. ‘यू’ साध्या टेबलावरच्या संगणकाची, ‘एस’ लॅपटॉपची, ‘आर’ सर्व्हरची. आमच्या पट्ट्या सर्व्हरच्या निघाल्या. साध्या संगणकात त्या बसतात, पण चालत नाहीत. स्वस्ताईचे कारण तेच.

लेबल फाटले असेल तर चिपा वाचा. सॅमसंगच्या चिपेवर ‘के४बी२जी०८’ असेल तर ‘बी’ म्हणजे डीडीआर ३, ‘२जी’ म्हणजे दोन गिगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून अशा आठ चिपांची पट्टी दोन जीबीची, सोळांची चार जीबीची. आठाऐवजी नऊ किंवा सोळाऐवजी अठरा चिपा दिसल्या तर जादा चिप चूक तपासण्यासाठी असते. असा माल बहुधा सर्व्हरचा, तेव्हा सावध व्हा.

पट्टीचे सोनेरी दातही मोजावेत. डीडीआर २ आणि ३ यांना २४० दात, पण मधली खाच वेगळ्या जागी. डीडीआर ४ ला २८८. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, तिचे दात निराळे. खाच जुळत नसेल तर जोर लावू नका.

आपली सूचना एवढीच : जुनी पट्टी काढून सोबत न्या, अक्षर न् अक्षर जुळवा, लेबल आणि चिपांचा हिशेब पडताळा, आणि ‘न चालल्यास परत’ असे बिलावर लिहून घ्या. तोंडी ‘चालेल’ या शब्दावर आपण कापड घेत नाही. रॅम तरी का घ्यावी?