खांबापासून भिंतीपर्यंत

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आमच्या वाट्याला आलेल्या जागेच्या डावीकडे खांब आहे आणि उजवीकडे भिंत. एका रविवारी सकाळी नवरा आणि मी टेप घेऊन खाली उतरलो. खांबापासून भिंतीपर्यंत अंतर भरलं २ मीटर ४२ सेंटिमीटर. मग लेकीच्या डब्यातला खडू घेऊन आम्ही फरशीवर ३,९९५ मिलिमीटर लांबीची एक चौकट आखली. रुंदीच्या रेघा मात्र चार काढल्या, कारण यादीत चार गाड्या होत्या: ब्रेझा १,७९०, नेक्सॉन १,८०४, कायलॅक १,७८३ आणि एक्सयूव्ही ३एक्सओ १,८२१.

लांबीची रेघ मात्र जवळपास एकच पुरली. चारांपैकी तीन गाड्या नेमक्या ३,९९५ मिलिमीटरच्या आणि ३एक्सओ त्यांच्याहून फक्त पाच मिलिमीटरने आखूड. यामागे एक कर आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं गेलं. अट अशी की पेट्रोल इंजिन १,२०० सीसीच्या आणि डिझेल १,५०० सीसीच्या आत हवं. तेव्हापासून आपल्याकडचे डिझायनर चार मीटरच्या दोरीत गाडी बसवत आले आहेत. आमच्याच शेजारच्या चिंचवडमधून प्रीमियरची रिओ २००९ मध्ये निघाली, ती या मापातली सुरुवातीची एसयूव्ही. २०१३ मध्ये इकोस्पोर्ट आली आणि मग सगळ्यांनीच रांग लावली. जीएसटी आल्यावरही ती दोरी तशीच राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मापात बसणाऱ्या गाड्यांना १८ टक्के आणि न बसणाऱ्यांना ४० टक्के कर लागतो. ब्रेझाची लांबी मापात आहे, पण तिचं पेट्रोल इंजिन १,४६२ सीसीचं, म्हणून ती ४० टक्क्यांत जाते. रस्त्यावर शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्या सारख्याच लांब, आणि करात मात्र २२ टक्क्यांचं अंतर. हे कळल्यावर मला माहितीपत्रकं वेगळ्या नजरेने वाचता आली. जे आकडे सगळीकडे सारखे आहेत, ते कायद्याने सारखे केले आहेत. निवड करायची ती उरलेल्या गोष्टींत.

३एक्सओ यादीतून गेली ती याच खडूच्या रेघेवर. डावा आरसा मिटून गाडी खांबाला जितकी चिकटवता येईल तितकी चिकटवली, तरी भिंतीच्या बाजूला दार उघडून बाहेर पडायला जागा दोन बोटं कमी पडत होती. दोन बोटं म्हणजे काहीच नाही, असं नवरा म्हणाला. मी खांद्याला पर्स आणि हातात डबा घेऊन त्या दोन रेघांमधून आडवी निघून दाखवलं. मला हे रोज दोनदा करायचं आहे. गाडीत काही उणं नव्हतं. खांब आमचा होता.

आमची जुनी हॅचबॅक बारा वर्षं चालली. ती मी रोज धायरीहून मगरपट्ट्याला न्यायची, येऊन-जाऊन ३५ किलोमीटर. वर्षातून चार-पाचदा आम्ही ताम्हिणी घाटाने दापोली तालुक्यातल्या घरी जातो, तेव्हा स्टिअरिंगवर नवरा असतो. तर मोठी गाडी घ्यायची म्हटल्यावर त्याच्या डोक्यात पहिल्यापासून डिझेल होतं. घाटातली ओढ, सामानाने भरलेली डिकी, पावसातला चिखल, त्याला सगळी गाडी त्या चार-पाच फेऱ्यांतूनच दिसत होती. एका रात्री जेवण झाल्यावर मी वहीत हिशेब मांडला. माझं वर्षाचं चालणं पावणेनऊ हजार किलोमीटरच्या आसपास, गावाकडचं दोन हजार. म्हणजे पाचातले चार किलोमीटर मी चालवणार, तेही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, डावा पाय क्लचवर ठेवून. त्याने वही पुढे ओढली, आकडे पुन्हा जुळवले आणि म्हणाला, "मग ऑटोमॅटिक बघूया." त्याला डिझेल सोडणं जड गेलं, हे मला दिसत होतं. पण त्यानंतर त्याने तो विषय एकदाही काढला नाही, याचं मला फार वाटलं.

शोरूममध्ये मात्र ही वही कुणी वाचलेली नव्हती. एका ठिकाणी आम्ही दोघं आत शिरलो तर विक्रेता मुलगा सरळ नवऱ्याकडे वळला, "सर, बसून बघा ना." मला म्हणाला, "मॅडम, रंग कोणता आवडेल?" गाडी कोण चालवणार, हा प्रश्न पहिल्या अर्ध्या तासात आला नाही. तो नवऱ्याने विचारायला लावला. टेस्ट ड्राइव्हची चावी पुढे आली तेव्हा त्याने ती घेतली नाही, नुसता माझ्याकडे हात केला. मुलगा ओशाळला आणि मग मन लावून सगळं मला समजावू लागला. तो कामाला प्रामाणिक होता. पण घरातली गाडी पुरुषाची, हे गृहीतच इतकं मुरलेलं असतं, की बायकांनी सीटची उंची, आरशातला आंधळा कोपरा, हँडब्रेकपर्यंत पोचणारा हात याबद्दल विचारायचं राहूनच जातं. मी मैत्रिणींना हेच सांगते: रंगाचं शेवटी बघा, आधी सीट पुढे ओढून बसा.

शोरूमवाले टेस्ट ड्राइव्हसाठी स्वतःची ठरलेली वाट दाखवतात. दोन किलोमीटर गुळगुळीत रस्ता, एक सिग्नल, परत. आम्ही प्रत्येक ठिकाणी एकच मागणी केली: गाडी नवले पुलावरून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे जाणाऱ्या चढावर न्यायची, एसी लावून, आणि घरचे सगळे आत बसवून. हा उतार अपघातांमुळे सगळ्या पुण्याला माहीत आहे. ब्रेक निकामी झालेले ट्रक इथेच खाली येतात. चढताना तो गाडीची खरी ओढ दाखवतो. तीन सिलिंडरची लहान टर्बो इंजिनं कागदावर जोरकस असतात. कायलॅकचं इंजिन फक्त ९९९ सीसीचं आणि ताकद ११५ पीएस. पण टर्बोचा पंखा फिरतो तो धुराड्यातून जाणाऱ्या गरम वायूच्या दाबावर. इंजिन मंद असेल तर दाब कमी, पंखा आळसावलेला. पाय दाबल्यावर क्षणभर काही होत नाही आणि मग एकदम ढकलल्यासारखं होतं. सपाट रस्त्यावर एकट्याने चालवताना हे जाणवत नाही. पाच माणसं, एसी, चढ आणि पुढे रेंगाळणारा टेम्पो असं सगळं जमलं की तो एक क्षण लांबतो. एका गाडीत तो मला फार लांब वाटला. दुसऱ्या एका गाडीत गिअर आपोआप बदलताना सासूबाईंची मान दर वेळी पुढे झुकत होती. एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स, त्यात क्लच दाबायचं काम यंत्र करतं; म्हणून ती स्वस्त आणि अ‍ॅव्हरेजला चांगली, पण तो झोका येतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल असतं, त्यामुळे हिसका विरतो. ब्रेझा आणि कायलॅक या दोन्हींत तो सहा गिअरचा मिळतो. त्या झुकणाऱ्या मानेकडे आरशातून पाहिल्यावर माझ्यापुरता हा प्रश्न मिटला.

सासूबाई आमच्याबरोबर सगळीकडे आल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जुन्या गाडीत बसायचं म्हणजे त्यांना आधी खाली वाकायचं, मग सीटवर जवळजवळ पडायचं, मग पाय हाताने उचलून आत घ्यायचे. आम्ही लहान एसयूव्ही घ्यायचं ठरवलं त्याचं खरं कारण हे आहे. बाकीचं नंतर जमत गेलं. गुडघ्याला सोपी सीट कुठली, हे कुठल्याच माहितीपत्रकात छापलेलं नसतं. सीट कमरेच्या पातळीला हवी. खाली असली तर उतरताना गुडघ्यावर सगळा भार, फार वर असली तर चढताना. शिवाय दाराखालचा उंबरा रुंद असेल तर पाय जमिनीवर टेकायच्या आधी लांब टाकावा लागतो.

सासूबाई प्रत्येक गाडीपाशी काठी माझ्याकडे देत, छताची कड उजव्या हाताने धरत, आधी पाठमोऱ्या बसत आणि मग दोन्ही पाय एकदम आत फिरवत. फिजिओथेरपीच्या ताईंनी शिकवलेली पद्धत. उतरताना उलट क्रम. दोनदा बसायचं, दोनदा उतरायचं, मग निकाल. ब्रेझापाशी त्या एका दमात उठल्या. ती १,६८५ मिलिमीटर उंच, दाराची कमान डोक्याला लागत नाही. "ही गाडी मला ओळखते," म्हणाल्या. कायलॅक तिच्याहून सहा-साडेसहा सेंटिमीटर बुटकी. तिथे त्यांना मान थोडी वाकवावी लागली. पण पाय फिरवायला पुढच्या सीटमागे जागा भरपूर होती, कारण पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २,५६६ मिलिमीटर, ब्रेझाचं २,५००. "मान वाकते गं माझी. गुडघा वाकत नाही," त्या म्हणाल्या. हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं.

डिकीसाठी आम्ही घरातून आंब्याच्या दोन रिकाम्या लाकडी पेट्या नेल्या होत्या. विक्रेते आधी हसले, मग त्यांनीच पेट्या आत लावून बघितल्या. ब्रेझाची डिकी ३२८ लिटर, नेक्सॉनची ३८२, कायलॅकची ४४६. पण लिटर हे पाण्याचं माप आहे. पेटीला कोपरे असतात. चाकाची कमान आत किती आली आहे आणि डिकीचा काठ जमिनीपासून किती वर आहे, हे पेटीच सांगते. मे महिन्यात गावाहून निघताना पेट्या, तांदळाचं पोतं आणि कोकमांची बरणी मीच चढवते, म्हणून काठावर माझंच मनगट ठेवून पाहिलं.

सुरक्षेच्या बाबतीत आमच्यात वाद झाला नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली. ताशी ६४ किलोमीटर वेगाने गाडी समोरच्या अडथळ्यावर अशी आदळवतात की धक्का एका बाजूलाच बसावा. मोठ्या माणसांच्या संरक्षणाला ३२ पैकी गुण, मुलांच्या संरक्षणाला ४९ पैकी. नेक्सॉनला २९.४१ आणि ४३.८३, कायलॅकला ३०.८८ आणि ४५. दोन्ही पाच तारे. नेक्सॉनबद्दल मनात एक वेगळा आदर आहे; २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळवणारी ती पहिली भारतीय गाडी, आणि ती बनते आमच्या जिल्ह्यात, रांजणगावला. त्या एका निकालानंतर गिऱ्हाईकं शोरूममध्ये अ‍ॅव्हरेजच्या जोडीला तारे विचारू लागली. मागे आजी आणि नात बसणार असताना मला याहून महत्त्वाचं काही वाटत नाही.

खाली घासण्याची भीती नवऱ्याला होती. कायलॅकची जमिनीपासूनची उंची १८९ मिलिमीटर, नेक्सॉनची २०८. गावच्या घराकडे उतरणारी शेवटची दोनशे पावलं जांभ्या दगडांची आहेत. त्यावर मी एवढंच म्हटलं की आपली जुनी गाडी याहून कितीतरी बसकी होती आणि बारा वर्षं त्याच दगडांवरून गेली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तीच तर. तिला घासताना मी ऐकलंय." पण नाव त्यानेही कायलॅकचंच लिहिलं. आम्ही दोघांनी वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून उघडल्या होत्या.

कोटेशन वाचायला मात्र अख्खी संध्याकाळ गेली. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स, त्यावर वीस लाखांपर्यंत १२ टक्के. किंमत ९ लाख ९५ हजार असेल तर कर १ लाख ९ हजार ४५०. १० लाख ५ हजार झाली की १ लाख २० हजार ६००. दहा हजारांच्या ज्यादा फिटिंगसाठी कर अकरा हजारांनी वाढतो. शिवाय दहा लाखांवर गेलं की एक टक्का टीसीएस. तो विवरणपत्रात वळता होतो, पण आज खिशातून जातोच. एका ठिकाणच्या कोटेशनमध्ये 'हँडलिंग' या नावाने एक रक्कम होती. कशाची, असं विचारल्यावर ती दोन मिनिटांत खोडली गेली. विम्याचा आकडाही बाहेर चौकशी केल्यावर बराच उतरला. तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण तो कुणाकडून घ्यायचा याची सक्ती नाही. हे प्रत्येकाने विचारावं. विचारताना संकोच वाटतो, मलाही वाटला. पण ते आपले पैसे आहेत.

पूर्ण पैसे भरायच्या आधी आम्ही यार्डात जाऊन गाडी पाहिली. नवरा बोनेटपाशी आणि मी मोबाइलची बॅटरी लावून टायरपाशी उकिडवी. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही चाकांवर ३८२५ होतं, म्हणजे सप्टेंबर २०२५. स्टेपनीवर ३६२५. मी आकडे मोठ्याने वाचत होते, तो चेसिस नंबर कागदाशी ताडून पाहत होता, आणि लेक दारं एकेक करून उघडून मिटत आवाज ऐकत होती.

गाडी घरी आली तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. मी ती खांबाला चिकटवून आत घेतली, आरसा मिटला, पर्स खांद्याला लावून भिंतीकडून आडवी निघाले. फरशीवरची रेघ पुसट झाली होती, पण दिसत होती. सासूबाई लिफ्टमधून ताट घेऊन उतरल्या. बोनेटला कुंकू लावलं, नारळ नवऱ्याच्या हातात दिला आणि काठीच्या टोकाने जमिनीकडे दाखवलं.

"ते तेवढं पुसून टाका आता. गाडी आली."