टाकाऊ वाळूतले सोने कोणाच्या वाट्याला?

सोनाराच्या दुकानातला केर झारेकरी विकत घेतात, धुऊन-आटवून त्यातला सोन्याचा कण वेगळा करतात, हे आपल्या मावळातल्या जुन्या माणसांना सांगायला नको. हाच उद्योग डोंगराएवढ्या केरावर करण्याचे कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणींत, म्हणजे केजीएफला, घाटत आहे.

१८८० पासून तेथे इंग्रज कंपनीचे खोदकाम चालले. दगड कुटून पीठ करायचे आणि सायनाइडच्या पाण्यात त्यातले सोने विरघळवून घ्यायचे. उरलेली बारीक वाळू वस्तीशेजारी ओतत गेले. २८ फेब्रुवारी २००१ रोजी भारत गोल्ड माइन्स या सरकारी कंपनीने खाण बंद केली, तेव्हा अशा वाळूच्या १३ टेकड्या मागे राहिल्या. माल तीन कोटी टनांहून अधिक. जुन्या पद्धतीतून निसटलेले सोने त्यात आहे, पण टनाला एक ग्रॅमही नाही. आम्हा कारकुनांना हिशेबाची खोड! टनाला अर्धा ग्रॅम धरला तरी पंधरा टन सोने होते. अर्थात सगळेच हाती येत नाही.

आता सोने शोषायला नारळाच्या करवंटीचा कोळसा वापरतात, म्हणून एवढे थोडे सोनेही काढणे परवडते. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ अशा टेकड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने फोडून पुन्हा गाळल्या जातात. केजीएफच्या १३ टेकड्यांसाठी केंद्राने मांडलेल्या प्रस्तावाला कर्नाटक सरकारने जून २०२४ मध्ये मान्यता दिली.

पण ही वाळू वर आणली कोणी? बहुसंख्य कामगार तमिळ दलित कुटुंबांतले. पंडित अयोध्यादास यांच्या शाक्य बौद्ध चळवळीची शाखा विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तेथील मारिकुप्पमला होती आणि बाबासाहेबही १९५४ साली केजीएफला येऊन गेले. खाण बंद पडल्यावर हजारो कामगार घरी बसले, थकलेली देणी आणि राहत्या घरांचा हक्क यांसाठी वर्षानुवर्षे झगडत राहिले. वारा सुटला की याच टेकड्यांची धूळ त्यांच्या चुलीपर्यंत येते. तेव्हा निविदेत सोन्याच्या किमतीबरोबर या माणसांच्या रोजगाराचे आणि घरांचे कलम आहे का, हे आपल्या कार्यकर्त्यांनी विचारलेच पाहिजे.

आणखी एक गोष्ट. सोने काढून घेतले तरी वाळूचे वजन जवळजवळ तेवढेच राहते. तीन कोटी टन ओला गाळ पुन्हा कुठेतरी ओतावाच लागेल, आणि ती जागा कोणाच्या दारात असेल ते कंत्राटावर सही होण्याआधी ठरायला हवे.