विश्लेषण : विमानाच्या प्रतिकृतीवर डिकल चिकटवावे की चिन्ह रंगवावे?

'मिग-२१' हे लढाऊ विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडमध्ये हवाई दलातून निवृत्त झाले. ते १९६३ मध्ये दाखल झाले होते आणि पुढे त्याची बांधणी नाशिकजवळच्या ओझरला झाली. आता घरी बसून त्याची प्रतिकृती जोडावी, असे अनेकांना वाटते. सुट्या भागांचा संच हल्ली घरपोच येतो, मग घर पुण्यात असो की परभणी-पूर्णा लोहमार्गावरच्या पिंगळीत. भाग जोडून होतात, रंगही लागतो. घोडे अडते ते तिरंगी वर्तुळापाशी.

डिकलमध्ये अडचण काय?

डिकल म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायचे पातळ छापील चित्र. काम झटपट होते. मात्र खडबडीत, मॅट रंगावर ते लावले की फिल्मखाली हवा अडकते आणि कडेने चंदेरी झाक दिसते. जुन्या संचातले डिकल पिवळे पडते, पाण्यात टाकताच त्याचे तुकडे होतात. शिवाय संचात बहुधा दुसऱ्याच देशाची चिन्हे असतात. भारतीय चिन्हे मिळाली, तरी केशरी रंग कधी लालसर, कधी पिवळट छापलेला असतो.

खऱ्या विमानावर हे चिन्ह बहुधा रंगवलेलेच असते. एसटीवर किंवा ट्रकवर साचा ठेवून आकडे रंगवतात, तसाच हा प्रकार. प्रतिकृतीवरही रंगवलेल्या चिन्हाखालचे पत्र्याचे सांधे आणि रिव्हेट दिसत राहतात.

वर्तुळ कसे रंगवतात?

१:७२ प्रमाणात मिग-२१ च्या पंखांचा ७.१५ मीटरचा विस्तार जेमतेम १० सेंटीमीटर होतो आणि चिन्ह शर्टाच्या बटणाएवढे. काचेवर मास्किंग टेप चिकटवून, कंपासला शिशाऐवजी धारदार टोक लावून एकाच केंद्राची तीन वर्तुळे कापायची. त्यातून बाहेरची चौकट, दोन कडी आणि मधली टिकली असे चार तुकडे मिळतात. एकही फेकायचा नाही.

आधी फक्त चौकट लावून आतले सगळे वर्तुळ पांढरे करायचे. केशरी रंगाची झाकण्याची ताकद कमी असते. खाली पांढरा नसेल तर तो मळकट दिसतो. पांढरा वाळला की मधले कडे आणि टिकली बसवून बाहेरचा पट्टा केशरी करायचा. मग तो पट्टा झाकून टिकली उचलायची आणि मध्यभागी हिरवा द्यायचा. मधल्या कड्याखालचा पांढरा आपोआप शिल्लक राहतो.

रंग टेपखाली झिरपू नये म्हणून एक युक्ती आहे. चौकट लावल्यावर कडेवर आधी विमानाच्याच रंगाचा हलका हात फिरवायचा. झिरपला तरी तोच रंग झिरपतो.

क्रम उलटा झाला तर?

इतिहासातही या वर्तुळाने घोळ घातला आहे. ब्रिटिश चिन्हात मधोमध लाल टिकली असे. दुसऱ्या महायुद्धात ती जपानी विमानांवरच्या लाल गोळ्यासारखी भासू लागली, म्हणून या आघाडीवर लाल रंगच काढून टाकण्यात आला. स्वातंत्र्यानंतर काही काळ निळे अशोकचक्र होते आणि १९५० पासून तिरंगी वर्तुळ आले : बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. त्यामुळे प्रतिकृती कोणत्या वर्षाची, हे आधी ठरवलेले बरे.

सगळेच रंगवावे का?

नाही. दाराजवळच्या मिलिमीटरभर सूचना हाताने रंगवण्याचा हट्ट धरू नये. तिथे डिकलच बरे. त्याआधी मात्र चकचकीत वार्निशचा थर द्यावा, म्हणजे चंदेरी झाक टळते. वर्तुळे, शेपटीवरचा तिरंगी पट्टा आणि मोठे आकडे रंगवावेत.

परभणीकडच्या मे महिन्यात आणखी एक त्रास होतो. पारा चाळिशीपलीकडे गेला की अॅक्रिलिक रंग एअरब्रशच्या तोंडाशीच वाळतो आणि विमानावर धुळीसारखा बसतो. अशा वेळी रंग थोडा अधिक पातळ करावा, वाळण्याचा वेग कमी करणारे द्रव त्यात थेंबभर घालावे आणि काम सकाळी आठच्या आत उरकावे. पहिला प्रयोग विमानावर नको, पाण्याच्या रिकाम्या बाटलीवर करावा.