उंबऱ्याआतला आवाज

‘अलेक्सा, हॉल लाइट ऑन.’ सिडकोतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसून एवढे म्हटले की स्मार्ट स्पीकर ते टिपतो आणि वायफायवरून कंपनीच्या दूरच्या सर्व्हरकडे पाठवतो. तिथे आवाजाचे शब्द होतात, शब्दांचा अर्थ लागतो आणि हुकूम परत त्याच हॉलमधल्या दिव्यापर्यंत येतो. दिवा चार पावलांवर, आवाजाची फेरी मात्र शेकडो किलोमीटरची. या फेरीची गरज नाही असे माझे ठाम मत आहे, आणि त्यासाठीचा एक भक्कम आधार आपल्याच शहरातल्या विद्यापीठात सापडतो.

आधी स्पीकर ऐकतो कसा ते पाहू. मायक्रोफोन सतत चालू असतो. शेवटचे काही क्षण तात्पुरत्या स्मृतीत राहतात आणि पुसले जातात. ‘अलेक्सा’ ही अ‍ॅमेझॉनच्या स्पीकरला जागे करणारी हाक ओळखण्याचे काम उपकरण स्वतःच करते. हाक पटली की पुढचे बोलणे बाहेर जाते. अडचण अशी की कोणी हाक मारलेली नसतानाही यंत्राला तसा भास होतो. जर्मनीतल्या बोखुमच्या रूर विद्यापीठाच्या आणि माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये असे हजाराहून अधिक फसवे शब्दप्रयोग शोधले. ‘इलेक्शन’ हा शब्द ऐकून अलेक्सा जागी होत होती. निवडणुकीच्या हंगामात आपल्या घरातल्या टीव्हीवर तो शब्द किती वेळा कानावर पडतो!

बाहेर गेलेल्या आवाजाचे काय होते, हे २०१९ मध्ये जगापुढे आले. अ‍ॅमेझॉन, गूगल आणि अ‍ॅपल या तिन्ही कंपन्यांसाठी काम करणारी माणसे काही ध्वनिमुद्रणे ऐकत होती. यंत्राच्या चुका सुधारणे हा त्यामागचा हेतू. मुलांची ध्वनिमुद्रणे गरजेपेक्षा जास्त काळ ठेवल्याच्या आरोपावरून २०२३ मध्ये अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने अडीच कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. तिथल्या काही ग्राहकांना आवाज बाहेर न पाठवता घरातच प्रक्रिया करून घेण्याची मुभा होती. २८ मार्च २०२५ पासून कंपनीने तीही काढून घेतली.

आपल्याकडे घर म्हणजे फक्त स्पीकर विकत घेणारा माणूस नव्हे. आजी, शेजारच्या काकू, घरकामाला येणाऱ्या ताई, सुट्टीत आलेली भाचरे, सगळ्यांचे बोलणे त्या खोलीत होते. यांतल्या कोणीही अ‍ॅपमधल्या ‘मान्य आहे’वर बोट ठेवलेले नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले, तो हक्क या ताईंचाही आहे.

आता आपल्या शहराकडे वळतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात २०१०च्या सुमारास भारती गवळी, संतोष गायकवाड, प्रवीण यन्नावार आणि सुरेश मेहरोत्रा मराठीतले सुटे शब्द यंत्राला ओळखायला शिकवत होते. त्याच विभागात रत्नदीप देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतीतल्या मराठी शब्दांचा ध्वनिसंग्रह उभा केला. गवळी आणि सहकाऱ्यांनी वापरलेली पद्धत समजून घेण्यासारखी आहे. अशा पद्धतीत सहसा एका सेकंदाच्या आवाजाची साधारण १६,००० मोजमापे घेतात. त्यांचे जेमतेम २५ मिलिसेकंदांचे, एकमेकांवर चढणारे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यातून १२-१३ आकडे काढतात. हे आकडे माणसाच्या कानाच्या सवयीनुसार असतात: खालच्या पट्टीतले बारीक फरक जास्त नेमके, वरच्या पट्टीतले ढोबळ. सोळा हजारांच्या जागी हजार-तेराशे आकडे उरतात.

मग जुळवणीचे गणित. कोणी ‘दिवा’ झटकन म्हणतो, कोणी ‘दिवाऽऽ’ असा लांबवतो. देवगिरी किल्ला एक जण भराभर चढला आणि दुसरा दम खात, तरी पायऱ्या त्याच असतात. तसे काळाचा पट्टा हवा तिथे ताणून, हवा तिथे आखडून हे गणित दोन उच्चारांच्या पायऱ्या जुळवते. जपानच्या साकोए आणि चिबा यांनी ते १९७८ मध्ये नीट मांडले. या साऱ्याला साधा संगणक पुरतो, इंटरनेट लागतच नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही मोठ्या होत्या. शब्द थोडे, बोलणारा बदलला की गोंधळ, आणि गोंगाटापुढे ती हतबल. म्हणून जग प्रचंड मॉडेलांकडे आणि दूरच्या सर्व्हरकडे गेले. कोणत्याही विषयावर गप्पा मारणाऱ्या यंत्राला ते लागेलही, पण घराला शब्द किती लागतात? दिवा, पंखा, गिझर, मोटार, चालू, बंद, कमी, जास्त. होम असिस्टंट या मुक्त प्रणालीने २०२५ मध्ये नेमका हाच विचार उचलला: ठरावीक वाक्येच ओळखायची, पण घरातल्या तळहाताएवढ्या संगणकावर आणि सेकंदाच्या आसपास. नेट गेले तरी दिवा लागतो, हा त्यातला आणखी एक फायदा. सुरुवातीला त्यात इंग्रजी, फ्रेंच, जर्मन अशा युरोपीय भाषाच होत्या.

मराठीसाठी खुली साधने अगदीच नाहीत असे नाही. आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत गटाची बावीस भारतीय भाषांची मॉडेले कोणालाही उतरवून घेता येतात. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस संग्रहात मराठी आवाज आहेत. उणीव आहे ती इथल्या घरांच्या आवाजाची. एकाच घरात कोणी ‘लाइट लाव’ म्हणतो, कोणी ‘बत्ती चालू कर’. शेजारच्या मोहल्ल्यात दखनीतला ‘नक्को’ असतो. आणि उन्हाळ्यात या सगळ्यावर कूलरची घरघर.

ज्यांच्याकडे आज असा स्पीकर आहे त्यांनी मायक्रोफोन बंद करण्याचे बटण वापरावे आणि जुनी ध्वनिमुद्रणे आपोआप पुसली जातील अशी सोय अ‍ॅपमध्ये सुरू करावी. पण हा तात्पुरता उपाय झाला. कायमच्या उपायासाठी इथल्या घरांच्या आवाजाचा संग्रह हवा. चाळीस-पन्नास हुकूम, शहराच्या निरनिराळ्या वस्त्यांतली सर्व वयांची माणसे, मे महिन्यात कूलर चालू ठेवून केलेली ध्वनिमुद्रणे, प्रत्येकाची लेखी संमती आणि सर्वांना खुला संग्रह, हे काम विद्यापीठाच्या एखाद्या विभागाला दोन शैक्षणिक वर्षांत झेपेल. शब्दांचा संग्रह कसा करायचा, हे त्या आवारात पूर्वीच शिकून झाले आहे.