फेरफाराची नोंद, संगणकातली

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील शेतकऱ्याला 'फेरफार' हा शब्द नवा नाही. सातबारा जमिनीची आजची स्थिती सांगतो. ती स्थिती कोणत्या व्यवहाराने आली, हे गाव नमुना सहा, म्हणजेच फेरफार नोंदवही सांगते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० नुसार हितसंबंधितांना नोटीस देऊन, हरकती ऐकूनच अशी नोंद प्रमाणित होते. नाव वा क्षेत्र नकळत बदलले, तर शेतकऱ्याचे पीककर्ज अडते किंवा वारसांत वाद उभा राहतो.

अभिलेख संगणकावर आले की हीच जबाबदारी आज्ञावलीवर येते. अशी आज्ञावली 'जावा' भाषेत लिहिली असेल, तर जुनी व नवी नोंद ताडून पाहण्याची साधने हाताशी असतात. 'हायबरनेट' हे साधन नोंद वाचतानाच तिच्या मूल्यांची प्रत स्मृतीत ठेवते. बदल जतन करण्याच्या वेळी प्रत्येक रकाना त्या प्रतीशी ताडला जातो व फरक असेल तरच डेटाबेसला आदेश जातो. ही प्रत मात्र तेवढ्या कामापुरतीच टिकते. वर्षभरानंतर मागोवा घ्यायचा, तर प्रत्येक आवृत्ती कायमची साठवावी लागते. त्यासाठी 'एनव्हर्स' हा हायबरनेटचाच भाग उपयोगी पडतो. नोंद नवी, बदललेली की वगळलेली, हे तो अनुक्रमे ०, १ व २ या अंकांनी स्वतंत्र तक्त्यात लिहितो. दोन आवृत्त्यांतील नेमका फरक रकान्यागणिक दाखविण्यासाठी 'जाव्हर्स' हे मुक्त साधन आहे.

खरी अडचण खोट्या फरकांची असते. क्षेत्र एकदा १.२ हेक्टर आणि एकदा १.२० हेक्टर असे लिहिले गेले, तर शेतकऱ्याच्या लेखी काहीच बदललेले नसते. जावाच्या 'बिगडेसिमल' प्रकाराची 'इक्वल्स' तुलना मात्र दोन्ही मूल्ये भिन्न ठरविते. येथे 'कम्पेअरटू' ही पद्धत वापरावी लागते.

मराठी नावांत ही अडचण अधिक सूक्ष्म होते. भुसावळ तालुक्यातील 'कुऱ्हे' हे गावाचे नाव किंवा 'बऱ्हाटे' हे आडनाव घ्या. त्यातील अर्धा 'र' युनिकोडमध्ये तीन प्रकारे साठविता येतो: स्वतंत्र 'ऱ' व हलन्त, 'र'खाली नुक्ता व हलन्त, किंवा 'र', हलन्त व अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. जावातील 'नॉर्मलायझर' पहिले दोन प्रकार एकरूप करतो. तिसऱ्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. केवळ जोडचिन्ह काढून टाकल्यास अर्ध्या 'र'चा रफार होतो आणि नावच बिघडते.

एक धोका याहून मोठा आहे. कोणी आज्ञावलीला वगळून थेट डेटाबेसमध्ये बदल केला, तर 'एनव्हर्स'ला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून महत्त्वाच्या तक्त्यांवर डेटाबेसचेच 'ट्रिगर' बसविणे हिताचे. काय, केव्हा आणि कोणी बदलले, हे त्यातून नोंदविता येते. तो बदल वैध होता की नाही, याचा निर्णय मात्र पूर्वीप्रमाणेच नोटीस, हरकत आणि सुनावणी यांतूनच व्हायचा असतो.