बार्शी लाइनचें पुनरुज्जीवन आणि आपला शेतमाल

आगगाडीचा एखादा लहान फांटा मागें पडला म्हणजे तो पुन्हां वर येत नाहीं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. लातूर, धाराशिव, सोलापूर व सांगली या चार जिल्ह्यांतून जाणाऱ्या लातूर-मिरज लाइनीची हकीकत पाहिली असतां ही समजूत सर्वस्वीं खरी नाहीं, असें दिसून येतें. ही लाइन मुळांत शेतमालाच्या वाहतुकीसाठीं निघाली, पुढें मागें पडली, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ मोडींत निघण्याच्या बेतास येऊन पुन्हां उभी राहिली. तेव्हां तिची हकीकत आमच्या शेतकरी वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. हेतु केवळ जुन्या गोष्टी सांगण्याचा नाहीं. लाइन जगली हें खरें. परंतु ज्यांच्या मालासाठीं ती निघाली, त्यांचा माल आज तिच्यावर चढतो काय, हा खरा प्रश्न आहे.

लाइन कां निघाली

बार्शी ही कापूस व गळिताचें धान्य यांची जुनी पेठ. मुंबईहून सोलापूरकडे जाणारी जी. आय. पी. रेल्वे मात्र बार्शीस न येतां कुर्डुवाडीवरून गेली. तेथील स्टेशनास ‘बार्शी रोड’ असें नांव मिळालें. पण नांव बार्शीचें आणि बार्शी एकवीस मैल दूर! हें एकवीस मैलांचें अंतर कापसाच्या गाड्या बैलांनीं तोडावें लागे. काळ्या जमिनींतून पावसाळ्यांत भरली गाडी नेणें म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नांवाचे इंग्रज इंजिनिअर जी. आय. पी. रेल्वेंत नोकरीस होते. मुख्य लाइनीस माल पुरविणारे स्वस्त फांटे काढावे, हा त्यांचा ध्यास होता. सरकारशीं पुष्कळ वर्षें खटपट केल्यावर १८९५ सालीं कंपनी उभी राहिली, आणि १८९७ सालीं बार्शी रोड ते बार्शी ही अडीच फूट मापाची लाइन सुरू झाली. तिचें नांव ‘बार्शी लाइट रेल्वे’.

या लाइनींतील युक्ति शेतकऱ्यासही समजण्यासारखी आहे. रूळ किती जाड घ्यावा हें गाडीच्या एकंदर वजनावर ठरत नसून एका आसावर किती भार पडतो, यावर ठरतें. कॅलथ्रॉपसाहेबांनीं असा नियम केला कीं, इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं. इंजिनास आस अधिक लावून त्याचें वजन वांटून दिलें. वाघिणींस चार आस दिल्यानें मालासुद्धां वीस टनांपर्यंत भार त्या सोसूं लागल्या. अशा रीतीनें वारांस तीस पौंड वजनाच्या हलक्या रुळावर भरपूर माल चालूं लागला. बैलगाडीचा भार दोन चाकांवर नीट तोलला म्हणजे बैलाच्या मानेवर जूं जड होत नाहीं, तशांतलाच हा प्रकार.

धंदा चालला, तशी लाइन वाढली. १९०६ सालीं ती पंढरपुरास गेली व वारकऱ्यांची सोय झाली. १९११ सालीं ती त्या वेळच्या निजामी मुलुखांतील लातूरच्या पेठेस मिळाली. १९२७ सालीं दुसरें टोंक मिरजेस पोहोंचलें. एकंदर लांबी २०२ मैल, म्हणजे सुमारें ३२५ किलोमीटर झाली. १९५४ सालीं सरकारनें ती विकत घेतली.

मापाची अडचण

जी गोष्ट आरंभीं लाइनीचा गुण होती, तीच पुढें तिचा दोष झाली. लहान माप स्वस्त खरें. परंतु कुर्डुवाडीस आलेला माल अडीच फुटी गाडींतून उतरून साडेपांच फुटी गाडींत भरावा लागे. मजुरी स्वस्त होती तोंपर्यंत हा खर्च अंगावर आला नाहीं. पुढें हमाली वाढली. शिवाय नासधूस, गळती व खोळंबा हें सर्व आलेंच. कापसाची गांठ दोनदां उचलली तरी कापूस कापूसच राहतो. द्राक्षाची पेटी दोनदां आपटली तर पेठेंत काय पोहोंचेल हें उघड आहे. तशांत मोटारलॉरी आली. ती बांधावरून माल उचलून थेट अडत्याच्या दारांत टाकूं लागली. लहान लाइनीपाशीं यास उत्तर नव्हतें.

अशाच दुसऱ्या एका लाइनीचें उदाहरण वऱ्हाडांत आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही ‘शकुंतला’ नांवानें प्रसिद्ध असलेली लाइनसुद्धां कापसासाठीं निघाली. स्वातंत्र्यानंतरही तिची मालकी खाजगी कंपनीकडे राहिली. तिचें माप बदललें गेलें नाहीं, आणि आज तिच्यावर गाडी चालत नाहीं. तिकडील लोक पुनरुज्जीवनाची मागणी करीत आहेत, व ती योग्यच आहे. दोन्ही लाइनी एकाच कामासाठीं निघाल्या. एकीचें माप बदललें व ती वांचली, दुसरीचें राहिलें व ती पडून आहे.

पुनरुज्जीवन

बार्शी लाइनीचें रूळ बदलण्याचें काम एकदम झालें नाहीं, तुकड्यातुकड्यांनीं झालें. चालू शतकाच्या आरंभीं कुर्डुवाडी-पंढरपूर भाग रुंद झाला. २००७ व २००८ सालीं लातूर, उस्मानाबाद व कुर्डुवाडी जोडलीं गेलीं. त्यानंतर पंढरपूर-मिरज भागाचें काम पुरें झालें. या कामांत एक शहाणपणाची गोष्ट घडली. जुनी लाइन उस्मानाबाद शहरास (आतांचें धाराशिव) टाळून गेलेली होती. नवी लाइन वळवून शहरास स्टेशन देण्यांत आलें. जुनी चूक तशीच न ठेवतां नवें काम करतांना ती सुधारावी, हा धडा घेण्यासारखा आहे.

या खर्चाचें मोल १२ एप्रिल २०१६ रोजीं सर्वांस दिसलें. त्या वर्षीं लातूर शहरास प्यावयास पाणी उरलें नव्हतें. मिरजेहून कृष्णेचें पाणी भरून पहिली गाडी त्या दिवशीं लातुरास पोहोंचली. दहा टांक्या, प्रत्येकींत सुमारें पन्नास हजार लिटर, म्हणजे एकंदर पांच लाख लिटर पाणी. पुढें पन्नास टांक्यांची गाडी येऊं लागली. या टांक्या राजस्थानांतील कोटा येथें साफ करून आणल्या होत्या. रूळ अडीच फुटीच असते तर कोट्याची टांकी या लाइनीवर चढलीच नसती. ज्या लाइनीनें पूर्वीं लातूरचा माल बाहेर नेला, तिनेंच लातुरास पाणी आणून दिलें.

दुसरा प्रसंग शेतमालाचा. ७ ऑगस्ट २०२० रोजीं देवळाली ते दानापूर ही पहिली किसान रेल्वे सुटली. त्याच सालीं २८ डिसेंबर रोजीं शंभरावी किसान रेल्वे निघाली, ती याच लाइनीवरील सांगोल्याहून बंगालमधील शालिमारकडे. सांगोल्याचें डाळिंब, शिवाय द्राक्षें, केळीं, भाजीपाला असा नासका माल तीमधून जाऊं लागला. या गाडीस वाटेंतील ठरलेल्या स्टेशनांवर माल चढवितां व उतरवितां येई, किमान वजनाची अट नव्हती, आणि फळें व भाज्या यांच्या भाड्यांत निम्मी सवलत होती. दोन-चार एकरांच्या बागायतदारासही दूरची पेठ या तीन गोष्टींमुळें मिळाली.

परंतु सवलत मुदतीची होती. आज किसान रेल्वे पूर्वींप्रमाणें धांवत नाहीं. लाइन आहे, स्टेशन आहे, माल आहे. आणि पुष्कळ माल पुन्हां लॉरीनें जात आहे.

लहान मालाची पंचाईत

याचें कारण रेल्वेचा द्वेष नव्हे. रेल्वेचा मालाचा कारभार आतां मुख्यत्वें पुऱ्या गाडीच्या हिशेबानें चालतो. धान्याची पुरी मालगाडी सुमारें अडीच हजार टनांची. एकरीं आठ क्विंटल सोयाबीन धरलें तर एक गाडी भरावयास तीन हजार एकशें पंचवीस एकरांचें पीक एके ठिकाणीं, एका वेळीं आणावें लागेल. हें एका शेतकऱ्याचें तर नाहींच, पण एका गांवाचेंही काम नाहीं.

फळांचा हिशेब इतका अवघड नाहीं. पार्सलच्या एका डब्यांत सुमारें तेवीस टन माल बसतो. वीस किलोचा एक क्रेट धरला तर साडेअकराशें क्रेट झाले. एका बागायतदारानें एका तोडणीस पन्नास क्रेट दिले तर तेवीस बागायतदार मिळून एक डबा भरतो. तेवीस माणसें एका तालुक्यांत मिळत नाहींत, असें कोण म्हणेल? मिळतात, परंतु तीं एकाच दिवशीं, एकाच प्रतीचा माल घेऊन, एकाच मालधक्क्यावर येत नाहींत. खरी अडचण ही आहे, व ती दूर करणें रेल्वेच्या नव्हे, आपल्या हातीं आहे.

परदेशचा एक दाखला देतों. अमेरिकेंत १९८० च्या सुमारास मोठ्या रेल्वे कंपन्यांनीं तोट्याचे फांटे सोडून देण्याचा सपाटा लाविला. दक्षिण डाकोटा या गहूं-मक्याच्या संस्थानांत ‘मिल्वॉकी रोड’ कंपनी निघून जाऊं लागली, तेव्हां तेथील सरकारनें मुख्य उपयोगाचे रूळ स्वतः विकत घेतले व चालविण्यास दुसऱ्यांस दिले. आज त्या देशांत सुमारें सहाशें लहान रेल्वे कंपन्या आहेत. त्या कोठारांवरून वाघिणी गोळा करून मोठ्या लाइनीच्या स्वाधीन करतात. त्या कोठारांपैकीं पुष्कळ शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांचीं आहेत. फांटा जगला तो केवळ रुळांमुळें नव्हे. त्याच्या टोंकाशीं माल एकत्र करणारी संस्था होती म्हणून.

आपण काय करावें

आमची उमर महसुली दप्तरांत गेली, म्हणून आधीं दप्तराचीच गोष्ट सांगतों. कोणत्या गांवीं किती क्षेत्रांत कोणतें पीक आहे, हें गांव नमुना बारावरून कळतें. २०२१ पासून ई-पीक पाहणीची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवर करूं शकतो. या नोंदी केवळ पीककर्ज व नुकसानभरपाई यांसाठींच आहेत, असें समजूं नये. लाइनीपासून आठ-दहा कोसांच्या आंतील गांवांच्या नोंदी एकत्र केल्या तर कोणत्या महिन्यांत किती टन माल निघेल याचा अंदाज हातीं येतो. असा गांववार तक्ता घेऊन रेल्वेच्या अधिकाऱ्यांकडे गेल्यास आपलें म्हणणें ऐकलें जाईल. नुसत्या अर्जास ‘विचार चालू आहे’ एवढेंच उत्तर मिळतें. म्हणून आपली नोंद खरी व वेळेवर करावी. खोटी नोंद केल्यानें तक्ता फसतो, आणि एकदां डबा रिकामा गेला कीं दुसऱ्यांदां तो मिळणें कठीण.

दुसरें असें कीं, सोसायटीनें तोडणीचे वार ठरवावे, प्रतवारी व पॅकिंग एके ठिकाणीं करावें, आणि क्रेटवर धन्याचें नांव व नंबर घालावा, म्हणजे पेठेंतून आलेली पट्टी ज्याची त्यास बिनतक्रार देतां येईल.

तिसरें, भाड्याचा हिशेब पुरा करावा. रेल्वेचें भाडें लॉरीहून कमी दिसतें; पण शेतापासून स्टेशनापर्यंतची गाडी, दोन्हीं टोंकांची हमाली व उतरत्या स्टेशनावरून पेठेपर्यंतचें भाडें हींही त्यांत मिळवावीं. जवळच्या पेठेस पुष्कळदां लॉरीच परवडेल, हें मान्य करण्यांत कमीपणा नाहीं. बंगाल-बिहारसारख्या दूरच्या पेठांचा हिशेब मात्र वेगळा येतो, आणि रेल्वेची मागणी त्याच मालापुरती करावी.

चौथें, मालधक्के व त्यांलगतची जागा यांवर नजर ठेवावी. डिसेंबर २०२१ पासून रेल्वेनें गतिशक्ति योजनेखालीं मालाचीं टर्मिनलें बांधण्यास बाहेरच्यांस वाव दिला आहे. एकट्या सोसायटीच्या आवांक्यांतलें तें काम नसेल. परंतु बाजार समिती, साखर कारखाने व सोसायट्या एकत्र आल्यास लातूर, कुर्डुवाडी किंवा सांगोला येथें असें केंद्र अशक्य नाहीं. तेथें शीतगृह झालें तर एक दिवस गाडी चुकल्यानें बागायतदार बुडणार नाहीं.

बार्शीची लाइन १८९७ सालीं एका परक्या माणसाच्या खटपटीनें झाली, व नव्या शतकांत सरकारच्या पैशानें रुंद झाली. आतां राहिलेलें काम शेतकऱ्यांचें आहे. येत्या हंगामापूर्वीं लाइनीलगतच्या प्रत्येक सोसायटीनें आपल्या गांवांचा मालाचा तक्ता तयार करून तालुका संघाकडे पाठवावा, अशी आमची विनंती आहे. एक डबा भरून दाखविला तर दुसरा मागण्यास तोंड राहील.